लेखनाच्या वर्गात नव्याने बसणाऱ्यासाठी

पहिला निबंध शेऱ्यांनी भरून परत आला की पोटात गोळा येतोच. तरी ते शेरे नीट वाच. 'म्हणजे काय?', 'कशावरून?' असे समासातले प्रश्न सोडवताना जे शिकशील, ते गुणांच्या आकड्यातून कधीच कळणार नाही.

'आजच्या युगात मोबाइलचे महत्त्व अनन्यसाधारण आहे' हे वाक्य कुणीही लिहू शकतं. त्याऐवजी 'तास सुरू असताना मी फोन पालथा ठेवते, तरी अर्धं लक्ष त्याच्याकडेच असतं' असं लिहिलंस, तर वाचणारा थांबतो आणि विचारतो, असं का होतं? निबंधाचा मुद्दा या 'का'मधूनच निघतो. म्हणून प्रस्तावना शेवटी लिहिली तरी चालते. मला तर तेच जास्त पटतं, कारण आपल्याला नेमकं काय म्हणायचंय ते बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या पानावर उमगतं.

कच्चा खर्डा एक रात्र बाजूला ठेव, मग मोठ्यानं वाच. जीभ अडखळली, तर तिथे वाक्य लांबलंय किंवा विचारच अर्धवट आहे. शुद्धलेखन अगदी शेवटी. जो परिच्छेद उद्या कापायचाय त्याच्या वेलांट्या आज कशाला तपासायच्या? जुने खर्डे मात्र तारीख घालून जपून ठेव.

वर्गातल्या कुणाचं लिखाण वाचायला मिळालं, तर 'छान आहे' म्हणून सुटू नकोस. कुठे कळलं नाही ते ओळीवर बोट ठेवून सांग, आणि तुझ्या निबंधाबद्दलही तेवढंच स्पष्ट बोलायला लाव.