नाशिकच्या जानेवारीत कसलं ऊन?

पत्र : ताई, आम्ही नाशिकला राहतो. तीन मुलं. मोठी सहावीत, मधला तिसरीत, धाकटी नर्सरीत. मोठी दोघं घराजवळच्या मराठी शाळेत जातात. आता गावाबाहेर एक खासगी द्विभाषिक शाळा निघाली आहे. राज्य मंडळाचीच, नर्सरी ते दहावी. तिघांची एकदम सोय होईल, बस दारात येते, भावंडांना फीत सवलत आहे. ह्यांचं ठरल्यात जमा आहे. सासूबाई म्हणतात, आहे तीच शाळा बरी. मी बी.कॉम. आहे, दुकानाचे हिशेब नि जीएसटी मीच बघते, पण इंग्रजी बोलायची सवय नाही. जानेवारीत सकाळी नऊला मुलाखत होती, तेव्हा हेच मुलांना घेऊन आत गेले. मोठी म्हणाली, आई, तू गाडीतच बस, बाहेर ऊन आहे. पैसे भरावेत का? — एक आई

उत्तर : तुझं मूळ पत्र चार पानांचं आहे, वर मी ते आटोपशीर करून दिलंय. त्यातली दोन पानं फीच्या तक्त्याची आणि एक बसच्या वेळांचं. फीचा हिशेब मी करत बसणार नाही, तो तू माझ्यापेक्षा चांगला करतेस. मी अडकले ते शेवटून दुसऱ्या ओळीत.

जानेवारीत, सकाळी नऊला, नाशिकला ऊन? अगं, त्या दिवसांत निफाडचा पारा किती उतरला याच्या बातम्या असतात पेपरात. द्राक्षवाले बागांत शेकोट्या पेटवतात. त्या थंडीत तुझ्या अकरा-बारा वर्षांच्या लेकीने तुझ्यासाठी ऊन शोधून काढलं!

तिला तुझी लाज वाटली असेल, किंवा आत तुझी फजिती होऊ नये असं वाटलं असेल. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे. ज्या मुलांना लाज वाटते ती उन्हाची काळजी दाखवत नाहीत, नुसती पुढे चालू लागतात. पण काहीही असलं तरी एक गोष्ट ती शिकली : या दारातून आईला आत न्यायचं नसतं. प्रवेश व्हायचाय अजून, आणि पहिला धडा गिरवून झालासुद्धा.

तुझ्या नवऱ्याला चार शब्द सुनवावेत असं मनात आलं होतं. बायको गाडीत बसलीय हे त्याला दिसलंच असेल. पण राग मला तुझाच जास्त आलाय. तुला कुणी कोंडून ठेवलं नव्हतं. जीएसटीचं रिटर्न भरतेस, ते काय मोडीत असतं? तुला इंग्रजी वाचता येतं, समजतं, त्यात पैशाचा व्यवहार करता येतो. बोलताना अडखळतेस, एवढंच. आणि ज्या शाळेत गेलीस ती तर स्वतःला द्विभाषिक म्हणवते. दोन भाषांपैकी एक तुझीच होती ना? मग तू कुणासाठी गाडीत बसलीस?

आता या ‘द्विभाषिक’चं जरा बघू. आपल्याकडे सेमी इंग्रजी वर्षानुवर्षं आहे : गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून. त्यात दोन्ही भाषांना खरंच काम असतं. हल्ली मात्र आठवड्याला मराठीचे चार तास ठेवायचे आणि पाटीवर द्विभाषिक लिहायचं, असंही चालतं. मराठी विषय शिकवतो हे तुला कुणी मेहेरबानी केल्यासारखं सांगितलं, तर हसून सोडून दे. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांना, कुठल्याही मंडळाच्या असोत, तो शिकवावाच लागतो. ज्या भाषेत बाई रागावतात, वर्गात विनोद होतो, घरी निरोप येतो, ती त्या शाळेची भाषा. पत्रकात ती सापडायची नाही. ऑफिसात उभं राहिलं की पाच मिनिटांत कळते.

आणि मुलाखत म्हणजे काय गं? शिक्षण हक्क कायद्याचं तेरावं कलम आहे. प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायची नाही, लावली तर पहिल्या खेपेला २५ हजारांपर्यंत दंड. शाळा त्याला ‘भेट’ म्हणतात, ‘ओळख’ म्हणतात. म्हणोत. पण जी परीक्षा घ्यायचीच नव्हती, तिच्यात स्वतःला आधीच नापास करून तू बाहेर बसलीस, हे लक्षात घे.

पुढेही हे संपत नाही. खासगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते. समितीवरचे पालक इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकून निवडतात. ताळेबंद वाचता येणारी बाई अशा समितीवर किती उपयोगी पडेल! की त्या दिवशीही ऊन असणार आहे?

तिघांना एकाच शाळेत घालायची घाई तेवढी सोड. ती बसची सोय आहे, मुलांची नव्हे. धाकटी कुठेही रुळेल, तिच्या हातात वर्षं आहेत. मधलाही सावरेल. प्रश्न मोठीचा आहे. खेळापुरती, गप्पांपुरती नवी भाषा मुलं दीड-दोन वर्षांत उचलतात. पण त्या भाषेत इतिहासाचं उत्तर स्वतःच्या मनाने लिहायला पाच ते सात वर्षं लागतात, असं या विषयाचे अभ्यासक सांगतात. सातवी धरली तर तिच्याकडे दहावीपर्यंत चारच आहेत. तिथे सगळंच इंग्रजीतून असेल तर तिला हलवू नकोस. खरं सेमी इंग्रजी असेल तर बोलू, पण आधी तिच्याशी. चार पानांत तिचं म्हणून एकच वाक्य आलंय, आणि तेही तुझ्या काळजीचं.

पैसे भरायचे की नाही ते मी आज सांगत नाही. आधी एवढं कर. येत्या आठवड्यात, शाळा भरलेली असताना, त्या ऑफिसात जा. नवऱ्याला सांगून जा, घेऊन जाऊ नकोस. मराठीत बोल, घरी बोलतेस तशीच. प्रश्न फार नकोत. मधला जूनमध्ये चौथीत जाईल. चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक इथे कुठल्या भाषेत शिकवतात, ते विचार. मधल्या सुट्टीत पोरं मराठीत बोलली तर काय करता, तेही विचार. मग गप्प राहून ऐक. समोरची बाई तुझ्याशी मराठीत सरळ बोलली, तर घरी येऊन फीचा तक्ता पुन्हा काढ. तुझं मराठी ऐकूनही ती इंग्रजीतच उत्तरं देत राहिली, किंवा ‘मिस्टरांना पाठवा’ म्हणाली, तर बाकी काही बघू नकोस. पोहण्याचा तलाव असला तरी नको.

मोठीला बरोबर ने. तिला बाहेर बसवू नकोस, तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसव. आणि हो, गाडी घरीच ठेव. रिक्षाने जा आणि उतरल्यावर ती सोडून दे.