दुपारी डीओ उत्तम, पहाटे मासे मेलेले: मीटरआधी घड्याळ बघा

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं ठणकलं. दुपारी ओढ्यात विरघळलेला ऑक्सिजन (म्हणजेच डीओ) लिटरमागे 9 मिलिग्रॅमच्या वर, सकाळी काठावर मेलेले मासे, आणि कार्यालयाचं उत्तर "आकडे मर्यादेत आहेत". मीटर बिघडलाय का, असं विचारलंय तुम्ही. बहुतेक नाही. (कॅलिब्रेशन म्हणजे मीटरचा आकडा पडताळून जुळवणं, बाटली विसळणं वगैरे येत असेलच, त्यात शिरत नाही.)

30 अंशांना पाण्यात ऑक्सिजन मावतो साधारण 7.6 मिलिग्रॅम प्रतिलिटर. मग 9 आला कुठून? शेवाळातून. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडत राहतं. रात्री मात्र तेच शेवाळ आणि सांडपाण्यावर पोसलेले जिवाणू मिळून तो संपवतात, आणि सूर्योदयाच्या आसपास तळ गाठला जातो. म्हणजे तुमचा दुपारचा 9 हा आकडा निर्धास्त होण्याचा नाहीच. उजाडायच्या आत जाऊन मोजा. दर 15 मिनिटांनी नोंद करणारा लॉगर उसना मिळाला तर फारच छान. दुपारी पीएचही (पाणी आम्लाकडे झुकलंय की अल्काकडे, ते सांगणारा आकडा) बघा. शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषतं म्हणून तो चढतो, आणि पीएच चढला की सांडपाण्यातल्या अमोनियाचा विषारी हिस्सा वाढतो. एकूण अमोनिया तेवढाच असला तरी माशांना दुपारी जास्त जाचतो.

आता ज्यात माझा पूर्ण उन्हाळा वाया गेला ते सांगतो. एका कार्यालयाच्या प्रयोगशाळेत (नाव घेत नाही) शुक्रवारी सकाळी बर्फात ठेवलेल्या बाटल्या दिल्या. टेबलावरच्या गृहस्थांनी त्या खोक्यातून काढून खिडकीखालच्या फळीवर मांडल्या, पोचपावतीवर फक्त तारीख टाकली आणि सही केली. वेळ लिहा म्हटलं तर "रकाना नाही" म्हणाले. बाटल्या सोमवारपर्यंत तिथेच! बीओडीचा (पाण्यातली सेंद्रिय घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात, त्या चाचणीचा) नमुना थंड ठेवून शक्यतो 6 तासांत, फार तर 24 तासांत लावायचा असतो. उबेत पडून राहिला की आतले जिवाणू सेंद्रिय घाण आधीच खाऊन टाकतात आणि आकडा खोटा कमी येतो. तसाच आला. मग तोच अहवाल पुढे करून आमची तक्रार निकाली काढली. अपील केलं, तर अपील ऐकणाऱ्या वरच्या साहेबांनी विचारलं, "उशीर झाल्याचा पुरावा काय?" तोवर ओढा आटला होता, पुन्हा नमुना घेणार कुठून?

तेव्हापासून माझं मत ठाम आहे: वेळ नसलेला आकडा कागदावरही घेऊ नये. नमुना काढल्याची, प्रयोगशाळेत दिल्याची आणि चाचणी लावल्याची, तिन्ही वेळा लेखी मागा. रकाना नसेल तर पावतीच्या समासात स्वतः लिहा आणि त्यावर सही घ्या. बीओडी 20 अंशांवर 5 दिवसांचा की 27 अंशांवर 3 दिवसांचा, तेही अहवालात हवं. कोलिफॉर्मचा (मैला मिसळल्याची खूण सांगणाऱ्या जिवाणूंचा) नमुना निर्जंतुक बाटलीत, 4 अंशांच्या आसपास, 6 ते 8 तासांत पोचवा. अमोनिया आणि सीओडीच्या (घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो, त्या चाचणीच्या) बाटलीत आम्ल टाकून पीएच 2 च्या खाली आणावा लागतो, त्या बाटल्या वेगळ्या. शुक्रवारी तर नमुने घेऊच नका.

जाता जाता, सांडपाणी नेमकं कुठून मिसळतंय ते शोधायला वाहकतेचा (पाण्यातून वीज किती सहज वाहते ते सांगणारा, सांडपाण्यातल्या क्षारांनी हा आकडा वाढतो) मीटर घेऊन काठाकाठाने वर चालत जा. आकडा जिथे एकदम पडतो, त्याच्या जरा खालीच बहुधा पाइपचं तोंड असतं. तळाच्या गाळात नुसत्या लाल अळ्याच (कमी ऑक्सिजनमध्येही तगणाऱ्या) असतील तर तेही टिपा, एका दिवसाच्या नमुन्यापेक्षा त्या महिन्यांचा हिशेब जास्त सांगतात. मात्र अंधारात एकटे पाण्यात उतरू नका, हातमोजे घाला, आणि सडक्या अंड्यांचा वास (विषारी वायूची खूण) आला की मागे फिरा.

मी रसायनतज्ज्ञ नाही, तुमचा ओढाही पाहिलेला नाही. पहाटेही 5-6 मिलिग्रॅम ऑक्सिजन भरला आणि तरी मासे मेले, तर माझा अंदाज चुकला समजा. मग रात्री कोणी काही सोडतंय का ते बघा. तसं असेल तर मासे दिसताच पाण्याची बाटली भरून बर्फात ठेवा, सकाळ उजाडायची वाट बघू नका, कारण तोवर ते पाणी पुढे निघून गेलेलं असतं. पहाटेचा आकडा मिळाला की इथे टाका, वेळेसकट.