मॅनिकिनवर सीपीआर शिकताना

सीपीआर म्हणजे हृदय बंद पडलं की छाती दाबून आणि श्वास देऊन रक्त फिरतं ठेवणं. मॅनिकिनसमोर (सरावाच्या पुतळ्यासमोर) लाजू नकोस, सुरुवातीला सगळ्याच लाजतात. आधी बेड खाली घे, नाहीतर पायाखाली स्टूल. कोपर सरळ, खांदे तळहातांच्या बरोबर वर. दाब 5 ते 6 सेंमी, वेग मिनिटाला 100 ते 120. मॅनिकिनच्या स्क्रीनवर दाबाची खोली हिरवी दिसली की सगळे खूश होतात, पण खरी गफलत हात वर येताना होते. दमलं की आपण छातीवर रेलतो, छाती पूर्ण उठत नाही आणि हृदयात रक्त नीट भरत नाही. म्हणून दर 2 मिनिटांनी माणूस बदलायचाच, अंगात दम असला तरी. अंबू बॅग (श्वास द्यायची हाताने दाबायची पिशवी) हळू दाब, छाती उचललेली दिसली की पुरे. आणि डीब्रीफिंगच्या (सरावानंतरच्या चर्चेच्या) वेळी चहाला सटकू नकोस (आमच्याकडे निम्म्या सटकतात). कॉम्प्रेशन (छाती दाबणं) मध्येच किती सेकंद थांबलं ते तिथंच कळतं. 10 च्या वर गेलं असेल तर पुन्हा करायला माग.