तिचा कोड तिलाच दुरुस्त करू द्या

ताई,

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. 18 वर्षं हेच काम करतोय आणि आता मन उडालंय. हल्ली पदवी घेऊन येणाऱ्या मुलांचा पायाच कच्चा असतो. अभ्यासक्रम जुना, परीक्षा पाठांतराच्या, आणि नोकरीला लागल्या लागल्या हाताशी एआय. माझ्या टीममध्ये दीड वर्षापूर्वी एक मुलगी आली. हुशार आहे, पण प्रत्येक गोष्ट चॅटबॉटला विचारते. मी शेजारच्या खुर्चीवर असतो, मला विचारत नाही. लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या कोडच्या आत डेटाबेसची क्वेरी (माहितीची मागणी) टाकायची नाही, ही किती साधी गोष्ट! तिनं ती टाकली, मी नीट केली. महिन्याभरात दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तेच. तिचा कोड मी बहुतेक वेळा रात्री घरी बसून सुधारतो आणि मुख्य कोडमध्ये मर्ज करून टाकतो, सांगत बसायला वेळ नसतो. एकूण समाजालाच खोलात जायचा कंटाळा आलाय, सगळ्यांना तयार उत्तर हवं असतं. या विषयांवर मी बरंच लिहितो, सहकाऱ्यांना पाठवतो, पण कुणी वाचत नाही. वाटतं, नोकरी सोडावी आणि कॉलेजात शिकवायला जावं. निदान मुळापासून काही बदलता येईल. बायको म्हणते, घाई करू नका. तुम्हाला काय वाटतं?

— एक वाचक

•

तुमचं पत्र बरंच मोठं होतं, इथे आवरून छापलंय. शिक्षणाबद्दल, एआयबद्दल, लोकांच्या उथळपणाबद्दल तुम्ही पानंच्या पानं लिहिलीत आणि त्यातलं बरंचसं मला पटतं. पण त्यावर मी आज बोलणार नाही. तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहून गेलात, बहुधा आपण किती राबतो ते कळावं म्हणून: तिचा कोड मी रात्री सुधारतो आणि मर्ज करून टाकतो, सांगत बसायला वेळ नसतो. मी तिथेच अडकले. आणि स्पष्टच सांगते, ते वाचून मला तुमचा राग आला.

त्या मुलीची सकाळ डोळ्यांसमोर आणा. आदल्या संध्याकाळी तिनं काम संपवून पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल तपासून मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती, टाकली आहे. कुणीतरी वाचेल, काही विचारेल, म्हणून येताना मनात थोडी धाकधूक. उघडून बघते तर मर्ज झालेली. रिव्ह्यूमध्ये एक अक्षर नाही. तिच्या काढलेल्या ओळी लाल, त्यांच्या जागी नव्या हिरव्या ओळी, आणि कमिटवर, म्हणजे बदलाच्या नोंदीवर, तुमचं नाव. तुम्ही शेजारीच बसलेले, आपल्या कामात बुडालेले. तुम्ही काही बोलत नाही, म्हणून तीही बोलत नाही. असं एकदा झालं तर माणूस विसरतो. दीड वर्ष हेच चाललं तर त्यातून ती एकच गोष्ट शिकते: आपण लिहिलेलं बोलण्याच्याही लायकीचं नसतं.

आता सांगा, ती तुम्हाला का विचारेल? चॅटबॉट तिला निदान उत्तर देतो. तोच प्रश्न चार वेळा विचारला तरी देतो, आणि तिचं काम गुपचूप काढून घेत नाही. ती त्याच्याकडे वळली याचं तुम्हाला इतकं वाईट वाटतं, तर ती कुणाकडून उठून तिकडे गेली हेही बघायला हवं.

त्या क्वेरीचंच बघू. तुम्ही तिला साधी गोष्ट म्हणता, पण ती साधी नाही. तिनं आधी ऑर्डरची यादी आणली असेल, मग लूप फिरवून प्रत्येक ऑर्डरसाठी ग्राहकाची माहिती वेगळी मागवली असेल. नवा माणूस असंच लिहितो, कारण विचार त्याच क्रमानं येतो. तिच्या मशीनवर 20 ऑर्डर असतील, म्हणजे 21 क्वेरी. डोळ्याचं पातं लवायच्या आत पान उघडतं. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या वापरात, 10,000 ऑर्डर असल्या की 10,001 क्वेरी होतात, आणि पान उघडता उघडत नाही. हा फरक नवख्याला नुसतं कोडकडे बघून कळत नाही. टेस्टमध्येही तो पकडला जाईलच असं नाही, कारण टेस्ट उत्तर बरोबर आहे का एवढंच तपासते आणि उत्तर दोन्हीकडे बरोबरच असतं. तो कळतो लॉग, म्हणजे प्रोग्राम काय करतोय त्याची नोंद, चालू करून, एकाखाली एक धावणाऱ्या त्याच त्या क्वेरी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर. तुम्हालाही कधीतरी तसाच कळला असेल.

तुम्ही रात्री बसून तिथे जॉइन, म्हणजे सगळी माहिती एकदम आणणारी एकच क्वेरी, लिहिलीत. काम चोख झालं, यात शंका नाही. पण तिच्या बाजूनं बघा. तिचा कोड टेस्टमध्ये पास होत होता, तुमचाही होतो. तिचा का चालला नाही हे तिला कोणी सांगितलंच नाही. साहेबांना लिहायची दुसरी पद्धत आवडते, इतकाच तिनं अर्थ घेतला असेल. मग महिन्याभरानं दुसऱ्या पानावर तिनं पुन्हा लूप लिहिला. पहिली चूक तिची होती. दुसरी मी तुमच्या नावावर टाकते.

मुलाचं चुकलेलं गणित बापानं रात्री खोडून बरोबर लिहावं आणि वही परत दप्तरात सरकवावी, तसं हे झालंय. वर्षअखेरीला वही सुंदर दिसेल, मुलाला गणित येणार नाही.

सगळ्यांना तयार उत्तर हवं असतं, ही तुमची मुख्य तक्रार. तिला तयार उत्तर सगळ्यात नियमितपणे कोण देतं? तुम्हीच. कोड सुचवणारा कोपायलट आला 2021 मध्ये, चॅटजीपीटी नोव्हेंबर 2022 मध्ये. ही साधनं माणसाला आळशी करू शकतात, हे खरं. पण निदान ती वापरताना आपल्याला काय हवंय ते शब्दांत मांडावं लागतं, आलेलं उत्तर घ्यायचं की नाही ते ठरवावं लागतं. तुम्ही तिला तेवढीही संधी ठेवली नाहीत. ती झोपलेली असताना प्रश्न तुमचा, उत्तर तुमचं, निर्णयही तुमचा.

आपल्या क्षेत्रात यावर विचार झालेला नाही असं नाही. आयबीएममध्ये मायकेल फेगन यांनी कोड तपासण्याची एक शिस्तशीर पद्धत बसवली आणि 1976 मध्ये ती लिहून प्रसिद्ध केली. साधारण चार जणांनी आधी कोड वाचून यायचं, मग एकत्र बसून ओळीओळीनं तो तपासायचा, एका बैठकीत दोन तासांहून जास्त नाही. त्या बैठकीत फक्त चुका शोधायच्या, त्यांची उत्तरं काढत बसायचं नाही. आणि दुरुस्ती? ती ज्यानं कोड लिहिला त्यानंच नंतर करायची. शेजारी कितीही अनुभवी माणूस बसलेला असो, कोड परत मूळ लेखकाच्याच हातात जायचा. शिवाय त्यात सापडलेल्या चुका अप्रेझलसाठी वापरायच्या नाहीत, असंही फेगन यांनी बजावलं होतं, कारण चूक दिसली की पगार अडतो असं वाटलं तर कुणीच चूक दाखवू देणार नाही. हे सगळं पंच कार्डांच्या काळात कळलेलं होतं.

लिनक्स कर्नलकडे, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे बघा. तिथले अनुभवी लोक बोलायला मऊ म्हणून कधीच ओळखले गेले नाहीत. तरी पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवला की तो शेरे घेऊन परत येतो, आणि पाठवणाऱ्यालाच सुधारून त्याची दुसरी, तिसरी, कधी सातवी आवृत्ती पाठवावी लागते. कोडचा तो भाग सांभाळणाऱ्यानं एखादी किरकोळ दुरुस्ती स्वतः केलीच, तर मी हे बदललं अशी ओळ चौकटी कंसात आपल्या नावासकट टाकायची तिथे पद्धत आहे. का? कारण दुसऱ्याच्या नावाखाली न सांगता बदल करणं बरं नव्हे, हे त्या लोकांनाही समजतं.

आणखी एक गोष्ट विचारायची राहिली. तुम्ही रात्री लिहिलेला कोड कोण तपासतं? तुमच्या पत्रावरून तरी कुणीच नाही. दिवसभर काम करून दमलेला माणूस एकट्यानं बदल करतो आणि स्वतःच मर्ज करतो. 18 वर्षांच्या अनुभवाला चूक होत नाही असं तुम्हीही म्हणणार नाही. तिची चूक निदान तुम्ही तरी बघता. तुमची चूक थेट प्रॉडक्शनला जाते, आणि ती पकडू शकेल अशी एकमेव व्यक्ती, जिनं मूळ कोड लिहिला, तिला तुम्ही आधीच गप्प केलं आहे.

सांगत बसायला वेळ नसतो, म्हणता. 1999 च्या सप्टेंबरमध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोचताना नष्ट झालं. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरनं आकडे पाउंडमध्ये दिले होते, घेणाऱ्यांनी ते न्यूटनमध्ये धरले. ही कहाणी तुम्हाला पाठ असेल, आपल्याकडे ती सगळ्यांनाच पाठ असते. पण तिच्यातला दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही. यानाचा मार्ग बघणाऱ्यांना काहीतरी जुळत नाही हे प्रवासातच जाणवलं होतं. ती शंका बोलण्यात आली, पण रीतसर नोंदवली गेली नाही आणि शेवटपर्यंत तिचा पाठपुरावा झाला नाही. माहीत असणं पुरत नाही हो. ज्याला कळायला हवं त्याच्यापर्यंत ते पोचवणं हा कामाचाच भाग आहे, आणि तुमच्या हुद्द्यावर तर तोच मोठा भाग आहे.

वेळेचं कारण मला खरं वाटतही नाही. लांबलचक टिपणं लिहून सहकाऱ्यांना पाठवायला तुम्हाला वेळ मिळतो. तिच्याशी बोलायला मिळत नाही, कारण बोलणं अवघड आहे. चूक दाखवली की समोरच्याचा चेहरा पडतो, तो बघवत नाही. ती उलट प्रश्न विचारेल, त्यातल्या एखाद्याचं उत्तर आपल्याकडे नसेल. रात्री एकट्यानं बसलं की यातलं काही होत नाही. कोड आपलं ऐकतो, चूक जाते, आपल्यावाचून टीमचं अडतं हे समाधानही मिळतं. या समाधानाची ओढ मला कळते. चुकलेली ओळ दिसली की इतक्या वर्षांच्या सवयीनं हात शिवशिवतात, हेही कळतं. त्यामागे दुष्टपणा नाही, तुम्ही तिला सांभाळून घेताय असंच तुम्हाला वाटत असणार. पण दीड वर्षात तिचं यानं नुकसान झालंय, आणि ते भरून काढणं तुमच्याच हातात आहे.

आता तुमचा प्रश्न. कॉलेजात जाऊ का? नाही. आत्ता नाही. शिकायला आलेली एक मुलगी तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसते. ती हुशार आहे हे तुम्हीच लिहिलंत. तिला तुम्ही एकही गोष्ट समजावून सांगितलेली नाही, मग समोर 60 मुलं बसल्यावर सांगाल, यावर माझा विश्वास नाही. वर्गातही तुम्ही फळ्यावर सुरेख, बिनचूक उत्तर लिहाल आणि मुलं ते उतरवून घेतील.

म्हणून एकच करा. उद्यापासून तिच्या कोडला हात लावायचा नाही. एका ओळीलाही नाही.

त्याआधी एक बोलणं मात्र व्हायला हवं, आणि सुरुवात तुम्ही करायची. तिला बाजूला घेऊन सांगा की इतके दिवस तुझा कोड मी न विचारता बदलत होतो, ते चुकलं, यापुढे होणार नाही. लांबण लावू नका, कामाच्या ताणाचं कारण पुढे करू नका. ती "ठीक आहे सर" म्हणेल आणि तिचा विश्वास बसणार नाही. बसू नये असंच तुम्ही वागला आहात, तेव्हा त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

मग तिची पुढची पुल रिक्वेस्ट येईल तेव्हा दिवसाउजेडी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. कीबोर्ड तिच्यापुढे ठेवा. लूप पुन्हा दिसला तर उत्तर सांगू नका, विचारा: हे पान उघडायला डेटाबेसकडे किती वेळा जावं लागतं? तिला लॉग चालू करू द्या, मोजू द्या. ऑर्डरी 20 च्या 2,000 केल्या तर काय होईल, हेही तिलाच करून बघू द्या. यात खूप शांतता असेल आणि ती तुम्हाला सहन होणार नाही. हात मांडीवर ठेवा. तुम्ही दहा मिनिटांत केलं असतं त्याला तिला तास लागेल, आणि तिनं काढलेली वाट तुमच्याहून थोडी वेगळी असेल. चालत असेल तर तशीच राहू द्या. तुमच्या आवडीचं नाव व्हेरिएबलला दिलं नाही म्हणून अडवू नका.

डेडलाइन आड आली तर ती कामं पुढे ढकला, किंवा मॅनेजरला सांगा की माझ्या अंदाजात शिकवण्याचा वेळ धरलेला नव्हता, आता धरतोय. तुमच्या शब्दाला तिथे वजन असणार. ते वजन या कामासाठी वापरा.

आणि तुमचा स्वतःचा कोड तिच्याकडे रिव्ह्यूला पाठवायला लागा. सुरुवातीला ती फक्त "छान आहे" लिहील. तिला विचारा, यातलं काय कळलं नाही? तिला जे कळलं नसेल तिथे बऱ्याचदा तुमच्याच कोडमध्ये गुंता असतो.

राजीनाम्याचं सध्या मनातून काढून टाका. एखाद्या दिवशी ती आपणहून तुमच्याकडे वळून "सर, हे जरा बघता का?" असं विचारेल, त्यानंतर मला पुन्हा लिहा. कॉलेजचं काय करायचं ते तेव्हा बोलू.