एचडीएमआय स्प्लिटर लावला तर दोन मॉनिटरवर वेगवेगळ्या विंडो उघडता येतील का?

नाही येणार, स्प्लिटर एकाच सिग्नलची नक्कल दोन्हीकडे पाठवतो, त्यामुळे विंडोजच्या लेखी मॉनिटर एकच असतो. केबल दोन वेगळ्या पोर्टांतूनच निघायला हव्यात. सीपीयूच्या मागे वाकून बघा: ग्राफिक्स कार्ड असेल तर खालच्या आडव्या पट्टीत एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट शेजारी शेजारी असतात, दोन्ही केबल तिथेच लावा. वर यूएसबीच्या जवळ असतो तो मदरबोर्डचा एचडीएमआय. कार्ड बसवल्यावर तो बऱ्याचदा बंदच असतो, आणि निम्मे लोक नेमके तिथेच फसतात. मग विंडोज की आणि पी एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडा. दुसरा पोर्टच नसेल तर डिस्प्लेलिंकवाला यूएसबी अडॅप्टर (यूएसबी पोर्टातूनच मॉनिटरला चित्र पाठवणारा) चालतो, पण एक्सेल-ब्राउझरपुरता. गेमसाठी त्याच्या नादी लागू नका.