फोटोवाल्यांचा कट्टा काढायचाय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: नमस्कार. कोल्हापुरात आमचा वडिलांच्या काळापासूनचा फोटो स्टुडिओ आहे, आता तिथे नुसते पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स चालतं. जागा स्वतःची, बाहेरची खोली साधारण १२ बाय २० फूट, मागे डार्करूम, एनलार्जर (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचं यंत्र) अजून झाकून ठेवलाय, निगेटिव्हचे डबेच्या डबे पडलेत. मला इथे छोटी गॅलरी काढायचीय, गावातले फोटोवाले येऊन बसतील, एकमेकांचे फोटो बघतील, चार गोष्टी बोलतील. घरचे म्हणतात फोटो बघायला कोण येतंय, सगळ्यांच्या मोबाइलात हजारो फोटो आहेत. सुरुवात कशी करू, आणि हे चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: दादा, पत्र वाचून फार बरं वाटलं. जागा स्वतःची, डार्करूम शाबूत, वर वडिलांच्या निगेटिव्ह, एवढं हाताशी असताना सुरुवात करणारे फार थोडे असतात. घरच्यांना सांगा की मोबाइलात हजारो फोटो आहेत म्हणूनच अशी जागा लागते. मोबाइलवर आपण फोटो सेकंदभर बघतो आणि अंगठा पुढे जातो. तोच फोटो १६ बाय २० इंचाचा होऊन भिंतीवर आला की माणूस थांबतो, जवळ जातो, दोन पावलं मागे येतो आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला विचारतो, हे कुठलं हो? ते विचारणं घडावं म्हणून तर सगळा खटाटोप.

पण माझं ठाम मत आहे की बैठक आधी, गॅलरी नंतर. रंग, लाइट, बोर्ड, उद्घाटन यातलं काहीच आत्ता करू नका. आधी महिन्यातले दोन वार ठरवा, संध्याकाळची वेळ ठरवा, आणि ती मोडू नका, पाऊस असो नाहीतर तीनच माणसं आलेली असोत. शनिवार-रविवार नको, लग्नाचं काम करणारे फोटोग्राफर तेव्हा कामावर असतात आणि तुमच्या गावात हातात खरी कारागिरी असलेली बरीच माणसं तीच आहेत. नियम एकच ठेवा, येताना प्रिंट आणायची. पोस्टकार्ड साइज चालेल, जवळच्या लॅबमधून काढलेली चालेल, पण मोबाइल फिरवायचा नाही. पाच-सहा महिने हे टिकलं तर कोण नेमाने येतंय, कोण काय काढतंय हे तुम्हाला कळलेलं असेल. कोणी दाजीपूरच्या जंगलात जात असेल, कोणी गंगावेशीतल्या तालमीत पहाटे जाऊन पैलवान टिपत असेल, कोणी जोतिबाच्या यात्रेला दरवर्षी जात असेल. मग पहिली प्रदर्शनं यांच्यातूनच उभी राहतील आणि बघायला येणारी माणसंही हीच घेऊन येतील. आधी गॅलरी सजवून मग माणसांची वाट बघत बसणं फार जिवावर येतं.

आणि खोली लहान आहे याचं दडपण घेऊ नका. फोटोग्राफीच्या इतिहासातली फार मोठी गॅलरी लहानच होती. न्यूयॉर्कला फिफ्थ अॅव्हेन्यूवर २९१ नंबरच्या इमारतीत आल्फ्रेड स्टिग्लिट्झ आणि एडवर्ड स्टायकेन या फोटोग्राफरांनी १९०५ च्या नोव्हेंबरमध्ये ती सुरू केली, स्टायकेनचा जुना स्टुडिओ होता तो, छोट्या छोट्या तीन खोल्या, नावच मुळी लिटल गॅलरीज. त्या काळात प्रदर्शनात फ्रेमा छतापर्यंत दाटीवाटीने लावायचे, यांनी भिंतींना शांत रंगाचं कापड लावून मोजकेच फोटो मोकळी जागा सोडून लावले. १९१७ ला ती बंद पडली पण तोवर फोटो ही कला आहे का हा वाद बराचसा तिथे उभं राहूनच लढला गेला होता. नंतर त्याच शहरात ग्रीनिच व्हिलेजमध्ये १९५४ साली हेलन गी या बाईंनी लाइमलाइट काढलं, ते तर तुमच्या मनातल्यासारखंच, पुढे कॉफी हाउस आणि त्याला जोडून फोटोंची गॅलरी. तेव्हा प्रिंट विकत घेणारे फारसे नव्हतेच, गॅलरी कॉफीच्या पैशावर चालायची, तरी १९६१ पर्यंत सात वर्षं चालली. लंडनची फोटोग्राफर्स गॅलरी सू डेव्हिस यांनी १९७१ मध्ये सुरू केली तीही एका जुन्या टी-रूमच्या जागेत. म्हणजे चहा आणि फोटो ही जोडी जुनी आहे.

आपल्याकडेही हे नवीन नाही. फोटोग्राफीचा शोध जगाला जाहीर झाला १८३९ मध्ये आणि मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ ला, मध्ये फक्त १५ वर्षं! डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढायचे आणि या सोसायटीच्या कौन्सिलवर होते. मंडळी जमायची, एकमेकांच्या प्रिंटा बघायची, तंत्रावर बोलायची. तुम्ही तेच करताय.

आता निगेटिव्हच्या डब्यांबद्दल, कारण पत्रातली माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट ती आहे आणि तुम्ही ती एका ओळीत उरकलीत. तुमचं पहिलं मोठं प्रदर्शन त्या डब्यांतच आहे. गावातल्या स्टुडिओत कोण कोण येऊन गेलेलं असतं विचार करा, लग्न ठरवायला काढलेले मुलींचे फोटो, पहिल्या पगाराचा फोटो, नवं बाळ, रंगवलेल्या पडद्यापुढे ताठ उभे भाऊ. हे सगळं स्कॅन करून, निवडून मोठं केलं आणि भिंतीवर लावलं तर अख्खी राजारामपुरी नि शिवाजी पेठ आपली माणसं शोधायला येईल. पण थांबा, इथे कायदा समजून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की पैसे देऊन कोणी फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल तर त्या फोटोचा पहिला मालक तो गिऱ्हाईक, फोटोग्राफर नाही. म्हणजे निगेटिव्ह तुमच्या कपाटात आहे म्हणून फोटो लावायचा हक्क आपोआप मिळत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी कोणाच्या तरी आजीचा स्थळासाठी काढलेला फोटो तिच्या घरी न विचारता भिंतीवर लावणं बरं नाही. वडिलांची गिऱ्हाइकांची वही असेल तर ती शोधा, घरी जा, विचारा, लेखी घ्या आणि बदल्यात त्यांना एक छान प्रिंट द्या. यात वेळ जाईल, पण या जाण्यायेण्यातच तुमच्या गॅलरीची खरी ओळख गावात होणार आहे. वडिलांनी स्वतःच्या हौसेने काढलेले रंकाळा, महाद्वार रोड, पूर वगैरे फोटो मात्र त्यांचेच, ते आधी लावा. निगेटिव्हना व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर तो डबा बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा, फिल्मचा अॅसिटेट, म्हणजे तिचं प्लॅस्टिक, खराब होत चाललाय आणि ते शेजारच्या फिल्मलाही लागतं, स्कॅनिंग तिथूनच सुरू करा.

एनलार्जर विकू नका प्लीज. आजच्या कॉलेजच्या पोरांनी कोऱ्या कागदावर डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र वर आणणाऱ्या रसायनात, चित्र उमटताना बघितलेलंच नाही. लाल दिव्यात ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट करायला शिकवणारी रविवारची कार्यशाळा हे तुमचं उत्पन्नाचं पहिलं साधन होऊ शकतं. फक्त वापरलेला फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) मोरीत ओतू नका, त्यात चांदी उतरलेली असते, कॅनमध्ये साठवा आणि चांदी काढून घेणाऱ्याला द्या.

भिंतीचं थोडक्यात सांगतो. रंग पांढरा किंवा फिका राखाडी, पण मॅट, चकचकीत ऑइलपेंट अजिबात नको. २० फुटी भिंतीवर २० इंच रुंदीच्या आडव्या फ्रेमा मध्ये सव्वा फुटाच्या आसपास जागा सोडून लावल्या तर सात बसतात, सातच लावा, आठवी कोंबू नका. फ्रेमेचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर, आपल्याकडे सगळीकडे फोटो फार वर टांगतात आणि मग मान वर करून बघावं लागतं. दर वेळी खिळे ठोकून भिंत चाळण होते, त्यापेक्षा वर एक रेल बसवून तारेने लटकवा. ट्रॅक लाइट घ्या, एलईडी, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वर, सगळ्यांचा उजेड एकाच रंगाचा, आणि प्रकाश वरून, उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशाच्या कोनात पडू द्या म्हणजे काचेत बघणाऱ्याचं तोंड दिसणार नाही. फ्लेक्सवर फोटो छापू नका, कितीही स्वस्त पडला तरी नको. पैसे कमी असतील तर फ्रेमा कमी करा, पण कागद आणि प्रिंट चांगली ठेवा.

पैशाचं. फोटो विकून खर्च निघेल अशा हिशोबाने बसू नका. पासपोर्टचं काउंटर बंद करू नका, तेच वीजबिल भरणार आहे. जोडीला कार्यशाळा, जुने फोटो स्कॅन करून देणं, फ्रेमिंग. एखादा फोटो विकला गेलाच तर मोठ्या गॅलऱ्या निम्म्यापर्यंत कमिशन घेतात, तुम्ही २०-२५ टक्क्यांवर थांबा आणि ते आधी कागदावर लिहा. कामगार थोडेच असतील तर शॉप अॅक्टला ऑनलाइन सूचना देऊन काम होतं, चहा-खाणं विकणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी हवी, सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. बाकी सीएला विचारा.

प्रश्न: आम्ही मैत्रिणींनी घराच्या माडीवर फोटो लावायला जागा केलीय. पण पावसाळ्यात प्रिंटा वाकतात, काचेला चिकटतात, मागे बुरशी धरते. काय करावं? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: ताई, कोकणातल्या हवेशी भांडण्यात अर्थ नाही, तिच्या कलाने घ्यायचं. प्रिंट काचेला कधीच टेकू देऊ नका, मध्ये अॅसिड-फ्री माउंट, म्हणजे फोटोभोवतीची आम्ल नसलेल्या जाड पुठ्ठ्याची चौकट, घाला म्हणजे हवेला जागा राहते. फ्रेमेच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे छोटे ठोकळे लावा, फ्रेम भिंतीपासून जरा सुटी राहिली की मागे ओल साठत नाही. जी भिंत बाहेरून पाऊस खाते तिच्यावर काहीच लावायचं नाही, ती पुस्तकांनाही देऊ नका. डीह्युमिडिफायर परवडला तर घ्या, ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राहिली तरी खूप झालं, पण तो दिवसातून दोन तास लावून उपयोग नाही, सतत हवा. नाहीतर सरळ जून ते सप्टेंबर भिंती मोकळ्या ठेवा, प्रिंटा सिलिका जेल घालून हवाबंद पेटीत, आणि ते चार महिने टेबलावर अल्बम बघणं, गप्पा, एखाद्या फोटोग्राफरच्या कामावर स्लाइड शो असं चालू द्या. माडीवरचं ऊनही बघा, घरातले जुने रंगीत फोटो असतील तर उजेड अगदी मंद ठेवा, म्युझियममध्ये अशा नाजूक गोष्टींना ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपासच प्रकाश देतात. आणि मूळ जुना फोटो भिंतीवर लावूच नका, त्याची कॉपी लावा.

प्रश्न: मी पुण्यात शिकते, पीजीमध्ये राहते. जागा नाही, पैसे नाहीत. तरी असं काही करता येईल का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर: येईल गं, नक्की येईल. ढाक्यात छबी मेळा नावाचा मोठा फोटो महोत्सव भरतो, २००० सालापासून, त्यात सायकल-रिक्षाच्या गाड्यांवर फोटो लावून गल्लोगल्ली फिरवतात, गॅलरीत पाय न ठेवणारी माणसं रस्त्यात थांबून बघतात. तुझ्याकडे तर काय काय आहे बघ. एखाद्या सार्वजनिक वाचनालयात जा, ग्रंथपालांना भेट, वर्तमानपत्रांच्या टेबलामागची भिंत महिनाभर मागून घे, नाही म्हणणारे कमी भेटतील. गणपतीत ओळखीच्या मंडळाला सांग की मांडवाच्या एका बाजूला आपल्या पेठेचे फोटो लावू, दहा दिवसांत जेवढी माणसं ते बघतील तेवढी मोठ्या कलादालनातही येत नाहीत. सनबोर्डवर, म्हणजे हलक्या फोमच्या बोर्डवर, चिकटवलेल्या १२ बाय १८ च्या प्रिंटा मैत्रिणींनी वाटून घेतल्या तर खर्चही झेपतो. फक्त खाली फोटोग्राफरचं नाव आणि कुठे काढला हे नीट लिही.

प्रश्न: आमचा जुना फोटो क्लब आहे. हल्ली नवीन मुलं, विशेषतः मुली, एकदा येतात आणि परत येत नाहीत. (एक निवृत्त वाचक, ठाणे)

उत्तर: काका, तुमच्या बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत काय बोललं जातं तेवढं एकदा लक्ष देऊन ऐका. बहुतेक क्लबात नवीन आलेल्याला पहिला प्रश्न कॅमेरा कुठला हा असतो, मग लेन्स कुठली, मग सेटिंग, आणि फोटो बघायच्या आधीच क्षितिज वाकडं आहे हे सांगून होतं. मोबाइलवर फोटो काढणारी मुलगी तिथे कशाला परत येईल? असं करून बघा. प्रत्येकाने पाच प्रिंटा टेबलावर मांडायच्या, काढणाऱ्याने गप्प बसायचं, बाकीच्यांनी आधी फक्त काय दिसतंय ते सांगायचं. चांगलं-वाईट त्यानंतर. कॅमेऱ्याच्या गप्पा चहाच्या वेळी. ज्येष्ठांनी शेवटी बोलायचं, आणि त्यांनीही आपले नवे पाच फोटो मांडायचे, स्पर्धेत मेडल मिळालेले जुने नव्हेत. बैठकीची वेळही बघा, रात्री दहाला संपणार असेल तर लांब राहणाऱ्या मुलींना लोकल पकडून घरी पोचायला उशीर होतो, साडेआठला संपवा. पुढच्या कार्यक्रमाचे फोटो निवडायचं काम दोन नवीन मुलींकडे पूर्णपणे सोपवा आणि त्यांनी निवडलेले आहेत तसे लावा.