बिल्डरने सही मागितली, म्हणजे माझा हक्क आहे का?

प्रश्न : वकीलकाकू, नमस्कार. माझे आजोबा इंदूरच्या मालवा मिलमध्ये हिशेबनीस होते. 1961 साली त्यांनी रामबागेत स्वतःच्या कमाईने दुमजली घर बांधलं. ते 1986 मध्ये गेले, मृत्युपत्र केलेलं नाही. आजी 2011 मध्ये गेली, तिचंही नाही. आता बाबा आणि काका ते घर एका बिल्डरला विकताहेत, बयानाही घेऊन झाला. मी 27 वर्षांची, नोकरी पुण्यात. धाकटा भाऊ पंधरा वर्षांचा, दहावीत. बिल्डर म्हणतो, रजिस्ट्रीवर माझी सही हवी आणि भावाच्या वतीने आईची. बाबा म्हणतात, "माझ्या बापाचं घर आहे, तुम्हाला कशाला विचारायचं?" नातवंडांचा जन्मतःच हक्क असतो ना? मी सही दिली नाही तर विक्री थांबेल का? आत्या देवासला असते. आजीच्या तेराव्यानंतर तिने शंभराच्या स्टँपवर "मला काही नको" असं नोटरीसमोर लिहून दिलं आहे. — रामबागची नात

उत्तर : तुझ्या सहीवाचून विक्री अडणार नाही. बाबांचं बोलणं मला आवडलं नाही, पण स्वतःच्या हिश्शापुरतं ते बरोबर आहे. तो हिस्सा केवढा, हा खरा प्रश्न. आणि त्याचं उत्तर तू पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहून गेली आहेस.

आधी तुझ्या हक्काचं बघू. हिंदू वारसा कायदा 17 जून 1956 पासून लागू झाला. त्यानंतर वडील मृत्युपत्राशिवाय गेले आणि त्यांची स्वकष्टाची मिळकत मुलाला मिळाली, तर कलम 8 प्रमाणे ती त्या मुलाची स्वतःची होते. त्याच्या मुलांना त्यात जन्माने काही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये चंदर सेन प्रकरणात हे स्पष्ट केलं, आणि 2016 मध्ये आपल्या मध्य प्रदेशातूनच गेलेल्या 'उत्तम विरुद्ध सौभाग सिंह' या खटल्यात नातवाचा वाटणीचा दावा याच धर्तीवर फेटाळला. आमच्याकडे सल्ल्याला येणारी निम्मी मंडळी "आजोबांचं घर, म्हणजे आमचंही" असं धरूनच येतात. त्यांची समजूत घालताना चहा दोनदा सांगावा लागतो.

पणजोबांची मिळकत असती आणि ते 1956 च्या आधी गेले असते, तर गोष्ट वेगळी झाली असती. तिथे जन्मसिद्ध हक्काचा मुद्दा उभा राहतो, आणि 9 सप्टेंबर 2005 पासून मुलींनाही. तरी तिथेसुद्धा घरचा कर्ता कर्ज, आजारपण, लग्न अशा कायदेशीर गरजेसाठी मिळकत विकू शकतो, आणि मुलाला आधीच मनाई हुकूम मिळत नाही. विक्री झाल्यावर तिला आव्हान द्यायचं. म्हणून कुणी वाड्याची गोष्ट घेऊन आलं, की मी पहिल्यांदा मृत्यूचे दाखले मागते.

मग बिल्डर तुमच्या सह्या का मागतो? भीतीपोटी. पुढे कुणी कोर्टात गेलं तर लफडं नको, म्हणून त्याचा वकील घरातल्या सगळ्यांना संमती देणारे म्हणून कागदावर घेतो. सही मागितली म्हणून हक्क तयार होत नाही. द्यायची असेल तर कागद पूर्ण वाच. "माझा हिस्सा मला मिळाला" असं वाक्य त्यात असेल आणि तुला छदामही मिळालेला नसेल, तर ते काढायला लाव.

आता आत्या. आजोबा गेले तेव्हा आजी, बाबा, काका आणि आत्या अशा चौघांना प्रत्येकी चौथा हिस्सा आला. आजीचा चौथा हिस्सा 2011 मध्ये तिघांत वाटला गेला. म्हणजे आज आत्या त्या घराच्या एक तृतीयांश भागाची मालकीण आहे, बाबांइतकीच आणि काकांइतकीच. स्थावरातला हक्क सोडायचा तर हक्कत्यागाचा दस्त नोंदवावा लागतो, 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे. नोटरीचा शिक्का त्या जागी चालत नाही. तेराव्याच्या गर्दीत, डोळे पुसत बहिणीने दिलेली ही सही भाऊ आयुष्यभर जपून ठेवतात, आणि रजिस्ट्रीच्या वेळी ती निकामी निघते.

"पण नगर निगममध्ये (महापालिकेत) तर बाबा आणि काकांचंच नाव आहे," असं तू म्हणशील. असू दे. नामांतरण कराच्या वसुलीसाठी असतं, त्याने मालकी ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात हे पुन्हा सांगितलं.

बाबा आणि काका दोघांचा मिळून दोन तृतीयांश भाग विकू शकतात, त्याहून जास्त नाही. तेवढा विकला तरी राहत्या घरात बाहेरच्या खरेदीदाराला कुटुंबाबरोबर एकत्र ताबा मागता येत नाही, आणि आत्याने योग्य किमतीला तो हिस्सा परत घेण्याची मागणी केली तर 1893 च्या वाटणी कायद्यात ती सोय आहे. आजोबांकडून आलेल्या भागावर विक्रीआधीही तिला खरेदीचा पहिला हक्क आहे, वारसा कायद्याच्या कलम 22 प्रमाणे. 2005 पर्यंत भाऊ वाटणी मागत नाहीत तोवर मुलीला राहत्या घरात वाटणीचा दावा करता येत नसे. मुलीला अडवणारं ते कलम आता गेलं.

तेव्हा तू कोर्टात जाऊ नकोस, तुझा दावा पहिल्याच तारखांना ढेपाळेल. देवासला जा. आत्याला हे पत्र वाचून दाखव आणि घराच्या जागेच्या खरेदीखताची प्रमाणित प्रत पंजीयन कार्यालयातून काढून ठेव. तिला पैसे हवेत की खरंच काही नको, ते तिने ठरवायचं. तिच्या तोंडून तू बोलू नकोस. काही नको असेल तर दस्त नोंदवून द्यावा. हवं असेल तर बिल्डरच्या वकिलाला एक नोटीस पुष्कळ आहे. एक तृतीयांश मालकीण रीतसर आक्षेप घेते आहे म्हटल्यावर बँक कर्ज देताना दहा वेळा विचार करते.

भाऊ अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला आहे, पण घरात त्याचाही हक्क नाही. त्याच्या शिक्षणाची आणि पालनपोषणाची जबाबदारी मात्र बाबांवर आहेच, घर विकलं तरी. आई त्या घरात राहत असेल, तर तिने स्वतंत्र सल्ला घ्यावा. तिच्या निवासाचा प्रश्न 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली येऊ शकतो.

प्रश्न : माझ्या वडिलांनी नोंदणीकृत बक्षीसपत्राने माझ्या मुलाला, त्यांच्या नातवाला, एक प्लॉट दिला. मुलगा नऊ वर्षांचा आहे. यजमान तो विकायचं म्हणतात. — एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : हा प्लॉट मुलाचा. नैसर्गिक पालक म्हणून वडिलांना तो विकायचा तर आधी कोर्टाची परवानगी हवी, 1956 च्या अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याच्या कलम 8 खाली, आणि कोर्ट मुलाची गरज किंवा उघड फायदा दिसल्याशिवाय ती देत नाही. परवानगीवाचून विकला, तर मुलगा अठराचा झाल्यावर तीन वर्षांच्या आत ती विक्री रद्द करून मागू शकतो. बक्षीसपत्राची मूळ प्रत तुमच्याकडे ठेवा, यजमानांच्या कपाटात नको.